कोकणातला उकाडा आणि उष्णतेचे इशारे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिमगा जवळ आला की मी आमच्या पंचक्रोशीच्या ग्रुपवर हवामान खात्याचा इशारा रोज टाकायला लागतो. देवगड तालुक्यातली आमची वाडी तशी समुद्रापासून दूर नाही, तरी मे अखेरपर्यंत जीव नकोसा होतो. आरोग्यसेवक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही. लोक इशाऱ्याखाली जे विचारतात, तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

आमच्याकडे पारा चाळिशीला जातच नाही. मग हे इशारे विदर्भासाठीच ना?

नाही. हा समज मला सगळ्यात जास्त घातक वाटतो, म्हणून पहिला घेतला.

नागपूर-चंद्रपूरकडे कोरड्या हवेत घाम आला की लगेच वाळतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. आपल्याकडे हवेत आधीच इतकं बाष्प असतं की घाम वाळत नाही, ओघळतो. बनियन पिळून काढावं इतका घाम आला म्हणजे शरीर थंड होतंय, असं नाही. अंगातलं पाणी गेलं, मीठ गेलं आणि उष्णता आतच राहिली. पारा ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर शरीराला ती हवा साधारण ४६ अंशांसारखी जाणवते. हा हिशेब सावलीतला आहे. कातळावर उन्हात उभं राहिलात तर याहून जास्त.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारी उघड्या मैदानावर झाला. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. उष्माघाताने १४ माणसं गेली. चाळीस नव्हते त्या दिवशी.

शिवाय ‘जातच नाही’ हेही खरं नाही. रायगडमधल्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली होती. मुंबईत सांताक्रूझला २७ मार्च २०२१ रोजी ४०.९ होते. घाटाच्या पायथ्याच्या गावांना समुद्राचा वारा उशिरा आणि थकून पोचतो. तिथल्या लोकांनी किनाऱ्यावरच्या आकड्यावर विसंबू नये.

‘उष्णतेची लाट’ नक्की कधी म्हणतात?

हवामान खात्याचे निकष प्रदेशानुसार वेगळे आहेत. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश हवं, डोंगराळ भागात ३०, आणि किनारपट्टीवर ३७. त्यासोबत ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा अधिक चढलेलं हवं. ६.४ च्याही वर गेलं तर तीव्र लाट. उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं घडलं, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. आपला उपविभाग ‘कोकण आणि गोवा’ असा एकच आहे, डहाणूपासून खाली गोव्यापर्यंत.

आता आपल्या घरचा हिशेब करा. सरासरी ३३ असेल तर लाटेसाठी ३७.५ लागणार. समजा सलग आठ दिवस ३६ राहिले, वारा पडलेला, रात्रीही घाम. कागदावर लाट नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीसाठी ते आठ दिवस लाटेपेक्षा कमी नसतात. म्हणून ‘लाट’ या शब्दाची वाट बघू नका, एवढंच माझं सांगणं.

मग इशाऱ्यात ‘उष्ण व दमट हवामान’ असं लिहितात, ते काय?

तोच आपला इशारा. लाटेच्या निकषात आर्द्रता धरलेली नाही, म्हणून हा वेगळा शब्द वापरतात. लोक ‘दमट’ वाचून पुढे सरकतात, जणू काही ती साधी माहिती आहे. कोकणात मला तरी हाच इशारा जास्त कामाचा वाटतो. एप्रिल २०२३ पासून हवामान खातं तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून जाणवणाऱ्या उष्णतेचा नकाशाही प्रायोगिक तत्त्वावर देऊ लागलं. बघायची सवय लावून घ्या.

मे महिना सोडून फेब्रुवारी-मार्चमध्येच लाट कशी काय येते?

वाऱ्यामुळे. एरवी सकाळी जमीन तापली की अकराच्या सुमारास खारे वारे सुरू होतात आणि पारा तिथेच अडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी पूर्वेचा, म्हणजे घाटावरून उतरणारा कोरडा वारा जोर धरतो आणि खाऱ्या वाऱ्याला दुपारी एक-दोनपर्यंत आत येऊ देत नाही. तेवढ्या दोन-तीन तासांत पारा चार-पाच अंश वर जातो. फेब्रुवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मुंबई-ठाण्यापासून रत्नागिरीपर्यंत असाच इशारा होता, आणि सांताक्रूझचा पारा ३८ च्या वर गेला होता.

फेब्रुवारीतली उष्णता मेपेक्षा कपटी असते. पहाटे गारवा असतो, अंगाला सवय झालेली नसते, माठ अजून माळ्यावरच असतो.

पिवळा, नारंगी, लाल : कोणत्या रंगाला काय करायचं?

हिरवा म्हणजे विशेष काही नाही. पिवळा म्हणजे धडधाकट माणसाला सोसेल, पण तान्ही मुलं, म्हातारी माणसं आणि जुने आजार असलेल्यांनी सांभाळायचं. नारंगी म्हणजे लाट तीव्र आहे किंवा चार दिवस वा जास्त टिकणार. उन्हात काम करणाऱ्या कोणालाही त्रास होऊ शकतो. लाल म्हणजे सगळ्या वयाच्या लोकांना धोका.

आपल्याकडे लाल क्वचितच येतो, बहुतेक वेळा पिवळाच. त्यामुळे ‘पिवळाच आहे’ म्हणून लोक हसतात. पण आमच्या गावात घरोघरी राहतंय कोण? मुलं मुंबईला, घरात सत्तरी उलटलेली दोन माणसं. पिवळा इशारा ज्यांच्यासाठी असतो, तेच तर इथे राहतात.

इशारा कुठे बघायचा आणि कसा वाचायचा?

मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचं जिल्हावार पत्रक संकेतस्थळावर असतं. मी ते मोबाइल आडवा धरून वाचतो. डावीकडे जिल्ह्यांची नावं, सुरुवातीलाच पालघर, ठाणे, मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. पुढे दिवसांचे रकाने. आपल्या ओळीवर बोट ठेवायचं आणि रंग बघत उजवीकडे सरकायचं. आजचा रंग सगळे बघतात. मी तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा रंग आधी बघतो, कारण तयारीला वेळ तिथेच मिळतो. आंबा काढणी पुढे-मागे करायची, लग्नाचा मांडव कुठे घालायचा, हे आदल्या रात्री ठरवता येत नाही.

‘मौसम’ हे हवामान खात्याचं ॲप आहे आणि ‘सचेत’ हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. ‘सचेत’वर जिल्हा निवडून ठेवला की इशारा आपोआप येतो. फोन अचानक मोठ्याने भोंगा वाजवतो तो सरकारी संदेश घाबरून बंद करू नका, आधी वाचा. ज्यांच्याकडे बटणाचा फोन आहे त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीचा लाउडस्पीकर, पोलीस पाटील आणि आशाताई हेच ॲप.

‘उद्यापासून ५५ अंश, घराबाहेर पडू नका’ असा मेसेज आलाय. खरा का?

खोटा. खऱ्या इशाऱ्यावर जिल्हा, तारीख आणि काढणाऱ्या कार्यालयाचं नाव असतं. यातलं एक जरी नसेल तर पुढे पाठवू नका. खोट्या मेसेजने लोक एकदा घाबरतात आणि पुढच्या खऱ्याला हसतात.

आमच्या गावात केंद्र नाही. मग आकडा आमचा कसा?

तंतोतंत नसतो. वेधशाळेतला तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, सावलीत असतो. किनाऱ्याकडे हर्णै, रत्नागिरी अशा जुन्या वेधशाळा आहेत. त्यांचा आकडा सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या वाडीला लागू होत नाही. काळा कातळ दुपारभर तापतो आणि संध्याकाळपर्यंत ऊब सोडत राहतो. महसूल मंडळांच्या पातळीवर ‘महावेध’ची स्वयंचलित केंद्रं आहेत. आंबा बागायतदारांना ती चांगली माहीत आहेत, कारण फळपीक विम्याचं गणित तापमानावर चालतं. जास्त तापलं की आंबा गळतो, साका धरतो (आतला गर खराब होतो), म्हणून केंद्राचा आकडा ते रोज तोंडपाठ ठेवतात. तोच आकडा झाडावर चढलेल्या माणसासाठीही वाचा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रात्रीच्या उकाड्यासाठी इशारा का नसतो?

‘उष्ण रात्र’ अशी संज्ञा आहे. पण ती दिवसाचा पारा ४० किंवा अधिक असेल तरच लावतात. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर ती जवळजवळ कधीच लागू होत नाही. रात्रभर २८ अंश, हवा जड, लाइट गेलेली, असं चार रात्री झालं तरी कागद कोरा. माझ्या मते किनारपट्टीच्या निकषांतलं हे मोठं भोक आहे. दिवसभर तापलेलं शरीर रात्री सावरतं. ते सावरलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचं ऊनही जड जातं. किमान तापमानाचा रकाना म्हणूनच मी ग्रुपवर वेगळा लिहितो.

ऊन लागलंय हे कसं ओळखायचं? आणि पहिल्यांदा काय करायचं?

हे जरा सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः यात चुकता चुकता वाचलो आहे.

एप्रिलमधली दुपार होती. ओळखीच्या एका बागेत काढणी चालली होती. खाली आंबे भरणारा एक गडी, नेपाळहून दोन दिवसांपूर्वीच आलेला, क्रेटच्या शेजारी जमिनीवर एकेक आंबा ठेवत होता. अगदी जपून, देठ वर करून, ओळीने. क्रेट हातभर अंतरावर रिकामं. त्याला वाटत होतं तो क्रेट भरतोय. नाव विचारलं तर काहीतरी भलतंच बोलला. अंग घामाने निथळत होतं, म्हणून बाकीचे म्हणाले, “घाम येतोय, म्हणजे ऊन नाही लागलं. बसूदे जरा.” क्षणभर मलाही ते पटलं. अंगाला हात लावला तर तव्यासारखं.

ध्यानात ठेवा : उष्माघातात अंग कोरडं पडतंच असं नाही. मेहनतीचं काम करणाऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो. खूण घामाची नाही, डोक्याची आहे. बरळणं, भलतंच वागणं, तोल जाणं, झटके येणं, शुद्ध हरपणं. त्यासोबत अंगात ४० अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप. असं दिसलं की तो उष्माघात समजा आणि १०८ ला फोन करा.

मग गाडीची वाट बघत बसू नका, लगेच गार करायला लागा. आम्ही त्याला कलमाखाली ओढलं, शर्ट काढला, ड्रममधलं पाणी कळशीने अंगावर ओतत राहिलो आणि दोघे जण आंब्याच्या पेटीच्या पुठ्ठ्याने जोरजोरात वारा घालत राहिले. दमट हवेत नुसतं ओलं फडकं पुरत नाही. पाणी भरपूर हवं आणि वारा हवा. बर्फ मिळाला तर काखेत, मानेला, जांघेत. कोणीतरी फवारणीचा पंप आणला होता, तो मी परत पाठवला. औषधाचा अंश असलेलं पाणी माणसाच्या अंगावर कधीही मारू नका. ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागला, तोवर ओतणं थांबवलं नाही. दोन दिवस दवाखान्यात राहून तो बरा झाला.

शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कांदा हुंगवू नका. तापाची गोळी देऊ नका. हा ताप त्या गोळीने उतरत नाही.

पायात गोळे, डोकं दुखणं, मळमळ, थकवा आणि माणूस मात्र शुद्धीवर, नीट बोलणारा, तर ती आधीची पायरी आहे. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, घोट घोट सरबत द्या. अर्ध्या तासात उतार पडला नाही किंवा उलट्या सुरू झाल्या तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

काय प्यावं? कोकम सरबत चालेल?

चालेल, मीठ-साखर घालून केलेलं असेल तर उत्तमच. ताक, पेज, नाचणीची आंबील, शहाळं, सगळं चांगलं. घरात जलसंजीवनीची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त घालू नका. दुकानातल्या फळांच्या चवीच्या गोड पेयांना जलसंजीवनी समजू नका. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघा. मधुमेह, हृदय किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी किती प्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नको, आईचंच दूध जास्त वेळा.

दारूने तहान भागत नाही, ती अंगातलं पाणी घालवते. काढणी झाल्यावर संध्याकाळी ‘शीण घालवायला’ बसणाऱ्यांनी हे ऐकावं.

रोजच्या गोळ्या चालू आहेत. थांबवाव्यात का?

स्वतःच्या मनाने अजिबात थांबवू नका. पण रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, मानसिक आजारावरच्या आणि ॲलर्जीच्या काही औषधांनी घाम कमी येतो. उन्हाळा लागण्याआधी सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवून या. इन्सुलिन घरात फ्रिज नसेल तर माठाजवळच्या गार, सावलीच्या जागी ठेवा, खिडकीत नको.

पंखा, कूलर, वाळ्याचे पडदे?

पंखा लावा. आपल्याकडच्या हवेत तो उपयोगी पडतो, अंगावर पाणी शिंपडून लावला तर जास्त. कूलर आणि वाळ्याचे पडदे घाटावर ठीक. ते पाणी वाळवून गारवा देतात, आणि इथे पाणी वाळतच नाही. बंद खोलीत कूलर लावला तर दमटपणा वाढेल, वर वीजबिल.

कौलं काढून पत्रे घातलेली घरं दुपारी भट्टी होतात. माकडांच्या त्रासाने लोक पत्रे घालतात, हे मला कळतं. मग निदान वरून पांढरा चुना मारा, किंवा माडाची झापं पसरा. दुपारी बारा ते चार म्हाताऱ्या माणसांना पत्र्याखाली झोपवू नका, पडवीत किंवा झाडाखाली बाज टाका.

आंबा काढणी, चिरेखाण, वीटभट्टी : हातावर पोट असणाऱ्यांनी काय करायचं?

त्यांना ‘घराबाहेर पडू नका’ सांगणं म्हणजे उपाशी राहा सांगणं. म्हणून हा प्रश्न मजुराला नाही, मालकाला आहे. इशारा असेल त्या दिवशी उजाडता काम सुरू करा, अकराला थांबवा, चारनंतर पुन्हा. दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी, तहान लागो न लागो. नवीन आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाचा पाचवा हिस्साच द्या आणि रोज थोडं वाढवा. अंगाला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. चिरेखाणीत तर वारा लागतच नाही, भिंती चारी बाजूंनी तापलेल्या. तिथे कापडाची सावली बांधायला किती खर्च येतो? एकट्याला कामावर ठेवू नका, जोडी ठेवा. बरळायला लागलेल्या माणसाला स्वतःला कळत नाही की तो बरळतोय.

ग्रामपंचायत आणि मंडळांनी काय करावं?

२०१० च्या मे महिन्यात अहमदाबादने भयंकर उष्णता सोसली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. इशारा कोणत्या आकड्याला द्यायचा, तो दिल्यावर कोणी काय करायचं, दवाखान्यात काय तयार ठेवायचं, पाणपोया कुठे, हे सगळं आधी लिहून ठेवलं. गावालाही असा एक पानाचा कागद पुरे. एकटी राहणारी माणसं कोण, त्यांच्याकडे कोण जाणार, गाडी कोणाची, बर्फ कुठे मिळतो, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ क्रमांक.

क्रिकेटच्या स्पर्धा, सत्कार, शाळेचे कार्यक्रम बारा ते चार ठेवू नका. पाहुणा उशिरा आला म्हणून मुलांना उन्हात बसवून ठेवू नका.

पहिला पाऊस पडला की सुटलो ना?

लगेच नाही. वळीव पडून गेल्यावर ऊन आलं की दमटपणा आणखी वाढतो. आरोग्य खातं उष्णतेच्या रुग्णांची नोंद १ मार्च ते ३१ जुलै ठेवतं, ते उगाच नाही.

कोणाला ऊन लागलं तर कळवायलाच हवं का?

हो, उपकेंद्रात किंवा आशाताईंना. ‘चक्कर येऊन पडला’ एवढंच लिहिलं गेलं तर तो रुग्ण उष्णतेच्या यादीत येत नाही, आणि कोकणात त्रासच नाही असं वरून दिसतं. कुठे पडला, किती वाजता, काय काम करत होता, हेही सांगा.

इशारा आला की तुम्ही स्वतः काय करता?

फोन लावतो. अकरा घरांची यादी आहे, सगळी एकेकटी माणसं. “बरं आहे का?” असं विचारून उपयोग नसतो. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, “माका काय होणा नाय.” म्हणून मी विचारतो, “आजी, सकाळपासून लघवीला कितीदा गेलात?” जेवण होऊन गेलं तरी एकदाच, आणि तीही गडद, असं उत्तर आलं की सायकल काढतो.